बॅक्टेरियाची इम्युनिटी नेमकी कोणासाठी काम करते? डिफेन्स सिस्टीम मोबाईल एलिमेंटवर का सापडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लेब्सिएला या बॅक्टेरियाचा एक आयसोलेट (वेगळा काढलेला स्ट्रेन) सिक्वेन्स केला, डिफेन्सफाइंडरमधून (डिफेन्सचे जीन शोधणारं टूल) काढला तर सात डिफेन्स सिस्टीम दिसल्या आणि त्यातल्या चार चक्क प्रोफेज (फेज म्हणजे बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस, आणि पेशीत गप्प मुक्कामाला राहिला की तो प्रोफेज) नाहीतर प्लास्मिडवर (क्रोमोझोमबाहेरचा वेगळा डीएनए) बसलेल्या निघाल्या. इम्यून सिस्टीमचं काम बाहेरचा डीएनए अडवायचं, मग ती बाहेरून आलेल्या डीएनएवरच कशी? टूल चुकलं का? आणि इतका बंदोबस्त असताना त्याच स्ट्रेनमध्ये अँटिबायोटिक रेझिस्टन्सचे प्लास्मिड आरामात कसे राहतात?

टूल चुकलेलं नाही. जे दिसलंय ते अगदी नेहमीचं आहे, उलट सातच्या सात क्रोमोझोमच्या स्थिर भागात सापडल्या असत्या तर मी दोनदा तपासायला सांगितलं असतं. अडचण आहे ती ‘बॅक्टेरियाची इम्यून सिस्टीम’ या शब्दांतून डोक्यात जे चित्र बसतं त्याची. आपण धरून चालतो की पेशी ही मालक, बाकी सगळे घुसखोर, आणि डिफेन्स म्हणजे मालकाची फौज. प्रत्यक्षात या फौजेतला मोठा हिस्सा फेज, प्लास्मिड, ट्रान्सपोझॉन (उडी मारून जागा बदलणारा डीएनए), जीनोमिक आयलंड (बाहेरून येऊन क्रोमोझोममध्ये बसलेला डीएनएचा पट्टा) अशा मोबाईल एलिमेंटच्या स्वतःच्या मालकीचा असतो आणि तो मुख्यतः त्यांच्यासारख्याच इतर एलिमेंटविरुद्ध वापरला जातो. पेशीला फायदा होतो, बऱ्याचदा खूप होतो, पण तो हितसंबंध जुळतात तेवढ्यापुरता. मी बरीच वर्षं फेज आणि प्लास्मिडवर काम करतोय आणि माझं मत असं झालंय की डिफेन्स जीन दिसला की ‘हा काय करतो’ याच्या आधी ‘हा कोणाबरोबर प्रवास करतो’ हे विचारावं, निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

गंमत म्हणजे हे पहिल्या दिवसापासून समोर होतं. रिस्ट्रिक्शनचा, म्हणजे परका डीएनए कापून टाकण्याचा, शोध आठवा. १९५२ मध्ये लुरिया आणि ह्यूमन, १९५३ मध्ये बर्तानी आणि वायगल यांनी पाहिलं की फेज एका स्ट्रेनवर वाढवला की दुसऱ्यावर नीट वाढत नाही, आणि जे थोडे वाचतात त्यांची पुढची पिढी मात्र तिथे मस्त वाढते. मग १९६२ मध्ये वेर्नर आर्बर आणि डेझी ड्युस्वा यांनी याचा छडा लावला. त्यांचा प्रयोग आजही कोणत्याही लॅबमध्ये दोन दिवसात होतो. साध्या के-१२ ई. कोलायवर वाढवलेला लॅम्डा फेज घ्यायचा, दहा-दहा पट पातळ करत जायचा आणि दोन प्लेटवर थेंब टाकायचे, एका प्लेटवर साधा के-१२ आणि दुसरीवर तोच के-१२ पण ज्याच्या आत पी-१ नावाचा प्रोफेज आहे. पहिल्या प्लेटवर अगदी पातळ डायल्यूशनपर्यंत प्लाक (फेजने पेशी मारून पडलेले स्वच्छ ठिपके) दिसतात, दुसरीवर लाखातला एखाद-दुसराच फेज जगतो. आता तो जगलेला फेज उचलून परत पी-१ वाल्या पेशींवर वाढवला तर पूर्ण ताकदीने वाढतो, कारण त्याच्या डीएनएवर आता पी-१ च्या मेथिलेशनची (डीएनएला जोडलेल्या मिथाइल गटाची) खूण आहे आणि खूण असलेला डीएनए कापला जात नाही. त्याला साध्या के-१२ मधून एकदा फिरवून आणला की खूण गेली, पुन्हा अडकला. आता यात नीट बघा की कापणारं एन्झाइम कोणाचं होतं. ई. कोलायचं नाही, पी-१ चं. म्हणजे ज्या प्रयोगातून ‘बॅक्टेरियाची इम्युनिटी’ कळली आणि ज्या वाटेने पुढे १९७८ चं नोबेल आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना मिळालं, त्यातच एक फेज दुसऱ्या फेजला दाराशी अडवत होता. आधीच आत राहणारा भाडेकरू नव्याला घुसू देत नाही, इतका सरळ हिशोब.

तीच गोष्ट इको-आर-वनची. क्लोनिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे एन्झाइम वापरलेलं असतं, जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसली की कापतं, पण त्याचा जीन मुळात एका प्लास्मिडवर आहे हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. आणि प्लास्मिडने तो का बाळगावा याचं एक उत्तर फेजशी संबंधित नाहीच. १९९५ मध्ये कोबायाशींच्या गटाने दाखवलं की रिस्ट्रिक्शन-मॉडिफिकेशनची जोडी (कापणारं एन्झाइम आणि खूण लावणारं मेथिलेज) असलेला प्लास्मिड पेशीतून सहजासहजी काढता येत नाही. पेशी विभागली आणि एका मुलीला प्लास्मिड मिळाला नाही की तिच्यात मेथिलेज हळूहळू विरळ होत जातं, नव्या डीएनएवर खूण पडत नाही, आणि उरलेलं थोडंसं कापणारं एन्झाइम तिच्याच क्रोमोझोमचे तुकडे करतं. मला सोडलंस तर मरशील, असा मामला. टॉक्सिन-अँटिटॉक्सिन (विष आणि त्याचा उतारा) जोड्याही अशाच चालतात, एफ प्लास्मिडवरची सीसीडी-ए-बी किंवा आर-१ वरची हॉक-सॉक. आणि हॉक-सॉक टी-४ फेजलाही रोखते असं नंतर दिसलं, म्हणजे प्लास्मिड टिकवण्यासाठीचं हत्यार फेजविरुद्धही चालतं. त्यामुळे डिफेन्स आणि ॲडिक्शन (पेशीला प्लास्मिड सोडूच न देणं) यांच्यात पक्की रेघ मारायचा प्रयत्न मी तरी सोडून दिलाय, एकच मॉड्यूल परिस्थितीनुसार दोन्ही असू शकतं.

प्रोफेजचं अजून एक जुनं उदाहरण द्यायलाच हवं. १९५५ मध्ये सेमूर बेंझरने टी-४ च्या आर-टू जीन बिघडलेल्या म्युटंटवरून जीनचा बारीक नकाशा काढला, जेनेटिक्समधलं अत्यंत देखणं काम आहे ते. त्या सगळ्या कामाचा पाया हा की हे म्युटंट ई. कोलाय बी वर वाढतात पण लॅम्डा प्रोफेज असलेल्या के-१२ वर वाढत नाहीत. का वाढत नाहीत? कारण लॅम्डा प्रोफेजवर रेक्स-ए आणि रेक्स-बी असे दोन जीन आहेत, जे दुसरा फेज आत आला की पेशीचं मेम्ब्रेन पोटेन्शियल (पेशीच्या पटलावरचा विजेचा दाब) पाडतात, आणि साध्या टी-४ कडे आर-टू हा त्याचा तोडगा असतो. म्हणजे बेंझरचा सिलेक्शन प्रयोग हा खरं तर प्रोफेजच्या डिफेन्सवर उभा होता.

क्रिस्पर (परक्या डीएनएचे तुकडे जपून ठेवून त्यांवरून तो पुन्हा ओळखून कापणारी सिस्टीम) थोडं वेगळं आहे आणि लोकांच्या डोक्यातलं ‘इम्यून सिस्टीम’चं चित्र तिथूनच आलंय, कारण त्यात आठवण आहे. इशिनो आणि सहकाऱ्यांना १९८७ मध्ये ई. कोलायमध्ये विचित्र रिपीट दिसले, मोहिकाने अनेक वर्षं त्यांचा पाठलाग केला, २००५ मध्ये तीन गटांनी ओळखलं की रिपीटच्या मधले तुकडे, म्हणजे स्पेसर, फेज आणि प्लास्मिडच्या डीएनएशी जुळतात, आणि २००७ मध्ये बारांगू, होर्वाथ आणि मंडळींनी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसमध्ये सिद्ध केलं की नवा स्पेसर मिळाला की फेजपासून संरक्षण मिळतं आणि काढला की जातं. हे सगळं बहुतेकांना माहीत असतं म्हणून लांबवत नाही. तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे ते पुढचं. २००८ मध्ये मराफिनी आणि सॉन्टहायमर यांनी दाखवलं की स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसमधलं क्रिस्पर कॉन्ज्युगेशनने (एका पेशीतून थेट दुसरीत) येणारा प्लास्मिड अडवतं. मग साहजिक प्रश्न येतो की तो प्लास्मिड पेशीला हवा असेल तर? २०१३ मध्ये मराफिनींच्या गटाने तेच केलं, म्युपिरोसिन या अँटिबायोटिकचा रेझिस्टन्स असलेला प्लास्मिड, त्याच्याविरुद्धचा स्पेसर असलेल्या पेशी, आणि प्लेटमध्ये म्युपिरोसिन. ज्या मोजक्या कॉलनी आल्या त्यांच्यात क्रिस्पर बिघडलेलं नाहीतर उडून गेलेलं होतं. अँटिबायोटिकचा दाब असला की इम्युनिटी टाकून देणारेच जगतात. २०१० मध्ये पामर आणि गिलमोर यांनी एन्टेरोकॉकस फीकॅलिसमध्ये याचंच मोठ्या पातळीवरचं चित्र दाखवलं होतं, मल्टिड्रग रेझिस्टंट स्ट्रेनमध्ये क्रिस्पर-कॅस (क्रिस्पर आणि त्याच्यासोबतची कॅस प्रोटीन) सहसा नसतंच. हा नियम सगळ्या प्रजातींना लागू पडत नाही, क्लेब्सिएलावर तो डोळे झाकून लावू नका, पण दिशा कळते: डिफेन्स ठेवणं फुकट नाही, आणि पेशीला जे फायद्याचं ते नेमकं त्याच दारातून येतं ज्यातून फेज येतो.

म्हणून डिफेन्स जीन सतत येतात-जातात. जवळजवळ एकसारख्या दोन स्ट्रेनची तुलना करा, घरकामाचे जीन तेच, पण डिफेन्सचा संच वेगळा. पोल्झ यांच्या गटाने २०२१ मध्ये समुद्रातल्या व्हिब्रिओंमध्ये हेच स्वच्छ दाखवलं, जवळपास क्लोन असलेल्या स्ट्रेनना वेगवेगळे फेज मारतात आणि फरक जवळजवळ सगळा मोबाईल एलिमेंटवरच्या डिफेन्सचा. २०११ मध्ये माकारोवा आणि कूनिन यांनी दाखवलं की हे जीन जीनोममध्ये गठ्ठ्याने बसतात, डिफेन्स आयलंड. सोरेक यांच्या गटाने २०१८ मध्ये याच गुणाचा उपयोग केला, ओळखीच्या डिफेन्सशेजारी वारंवार सापडणारे अनोळखी जीन काढले, तपासले आणि दहा नवीन सिस्टीम मिळाल्या, झोर्या, थोएरिस, गाबिया, हाचिमान, लामासू अशी रक्षक देवतांची नावं दिलेल्या. त्यातली वाजेट फेजवर नाही, प्लास्मिडवर चालते, डीएनएचा लूप ओढून ओढून लहान गोल प्लास्मिड ओळखते आणि कापते. तिथून पुढे तर पूरच आला, आज शंभराच्या वर प्रकार माहीत आहेत, आणि एका जीनोममध्ये सरासरी पाचेक सापडतात. तुमचे सात म्हणजे काही जगावेगळं नाही.

आता कॉलरा घेतो, कारण या विषयात मला यापेक्षा बोलकं उदाहरण माहीत नाही. कॉलराच्या बॅक्टेरियाला, म्हणजे व्हिब्रिओ कॉलरीला, मारणारा आयसीपी-१ नावाचा फेज आहे, बांगलादेशातल्या रुग्णांच्या नमुन्यांमध्ये वर्षानुवर्षं सापडतो, म्हणजे जे चाललंय ते खऱ्या आजारात, माणसाच्या आतड्यात चाललंय. काही व्हिब्रिओंच्या क्रोमोझोममध्ये पीएलई नावाचं छोटं आयलंड असतं. एरवी ते गप्प बसलेलं असतं. आयसीपी-१ आत शिरला की ते जागं होतं, क्रोमोझोममधून सुटून येतं, आणि सुटायचा इशाराही फेजच्याच प्रोटीनकडून घेतं, मग भराभर स्वतःच्या प्रती काढतं, फेजची कॅप्सिड (बाहेरचं कवच) बनवणारी प्रोटीन वापरून स्वतःचा डीएनए लहान आकाराच्या कॅप्सिडमध्ये भरतं आणि पेशी फुटते. फुटलेल्या पेशीतून फेज बाहेर येत नाही, पीएलई भरलेले कण येतात. इथे कोण वाचलं ते बघा. शेजारच्या पेशी वाचल्या, पीएलई पसरलं, पण ज्या पेशीने ‘इम्युनिटी’ दाखवली ती मेली. तिच्या दृष्टीने हा बचाव नव्हताच.

आणि फेजने काय केलं? २०१३ मध्ये सीड, कमिली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही आयसीपी-१ फेज स्वतःच्या जीनोमवर अख्खं, चालू अवस्थेतलं क्रिस्पर-कॅस घेऊन फिरतात, आणि त्यातले स्पेसर पीएलईविरुद्धचे आहेत! बॅक्टेरियाची इम्यून सिस्टीम म्हणून पाठ्यपुस्तकात शिकवतात तीच, फेजच्या खांद्यावर, बॅक्टेरियाच्या आत बसलेल्या परजीवी आयलंडला कापायला. मला आजही हे वाचताना थरारून जायला होतं. इम्युनिटी हा पेशीचा गुणधर्म असतो ही कल्पना इथे पूर्ण मोडते, ती हत्यारं आहेत आणि ज्याच्या हातात सापडतील तो वापरतो.

त्याच कॉलरामध्ये अजून दोन गोष्टी. १९६१ पासूनच्या सातव्या साथीच्या स्ट्रेनमध्ये छोटे प्लास्मिड टिकत नाहीत. ब्लोकेश यांच्या गटाने २०२२ मध्ये कारण शोधलं, डीडीएम-डी-ई नावाची जोडी प्लास्मिड शोधून नष्ट करते आणि डीडीएम-ए-बी-सी तिला साथ देते, वर फेजविरुद्धही चालते. या दोन्ही कुठे बसल्यात? व्हीपीआय-२ आणि व्हीएसपी-२ या आयलंडवर, म्हणजे बाहेरून आलेल्या डीएनएवरच. दुसरी गोष्ट एसएक्सटी. हे एक आयसीई आहे, क्रोमोझोममध्ये बसतं आणि कॉन्ज्युगेशनने दुसऱ्या पेशीत जातं. त्याचं नाव सल्फामेथॉक्साझोल-ट्रायमेथोप्रिम रेझिस्टन्सवरून पडलं, १९९२ मध्ये मद्रासला वेगळ्या केलेल्या ओ-१३९ स्ट्रेनमध्ये ते ओळखलं गेलं आणि पंचवीसेक वर्षं आपण सगळे त्याच्याकडे फक्त अँटिबायोटिक रेझिस्टन्सचं वाहन म्हणून बघत राहिलो. २०२१ मध्ये कळलं की त्याच एलिमेंटच्या एका ठरावीक जागी फेजविरुद्धच्या सिस्टीम बसतात, आणि एलिमेंट बदललं की त्या बदलतात. म्हणजे एका उडीत औषधांपासून आणि फेजपासून दोन्हीपासून संरक्षण. फेज थेरपी करणाऱ्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपण ज्या स्ट्रेनवर औषध चालत नाही म्हणून फेज वापरायला जातो, तिथेच फेज न चालण्याची शक्यता त्याच डीएनएवर बसलेली असू शकते.

नातं याहूनही खोल आहे, मूळ शोधत गेलं तर हत्यारंच मोबाईल एलिमेंटमधून आलेली दिसतात. क्रिस्परमध्ये नवा स्पेसर घालणारं कॅस-१ हे कॅस्पोझॉन नावाच्या एलिमेंटच्या इंटिग्रेजचं (डीएनए जीनोममध्ये घुसवणाऱ्या एन्झाइमचं) वंशज आहे. कॅस-९ आणि कॅस-१२ ही आयएससी-बी आणि टीएनपी-बी या इन्सर्शन सिक्वेन्सवरच्या (छोट्या, साध्या ट्रान्सपोझॉनवरच्या) प्रोटीनमधून आली, आणि ही दोन्ही स्वतःही आरएनए गाइड वापरून डीएनए कापतात हे २०२१ मध्ये सिद्ध झालं. उलट प्रवासही होतो, टीएन-७ कुळातल्या काही ट्रान्सपोझॉननी क्रिस्पर उचललं, कापण्याचं काम सोडून दिलं आणि उडी कुठे मारायची ते शोधायला वापरलं. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू आहे.

आता दुसरा भाग, इतकं सगळं असताना रेझिस्टन्स प्लास्मिड आत कसे. एक, ते प्रतिकार घेऊन येतात. फेजमधली अँटी-क्रिस्पर प्रोटीन २०१३ मध्ये स्यूडोमोनासच्या फेजमध्ये सापडली, पण प्लास्मिडकडेही ती आहेत, शिवाय रिस्ट्रिक्शन एन्झाइमला डीएनए असल्याचं भासवून अडकवणारी एआरडी-ए सारखी प्रोटीन आहेत. आणि ती कुठे असतात ते फार छान आहे: कॉन्ज्युगेशनमध्ये प्लास्मिडची एकच साखळी सुईसारखी आत सरकते, तिचा जो टोकाचा भाग सगळ्यात आधी पोचतो तिथेच हे जीन गच्च भरलेले असतात आणि दुसरी साखळी बनायच्या आधीच त्यातले काही चालू होतात. दोन, सिंगल स्ट्रँड म्हणून आल्यामुळे बहुतेक रिस्ट्रिक्शन एन्झाइमना सुरुवातीला कापायला काही सापडतच नाही, कारण ती दुहेरी साखळी कापतात. तीन, वाजेट किंवा डीडीएमसारख्या सिस्टीम लहान प्लास्मिडवर जास्त चालतात आणि क्लेब्सिएलातले रेझिस्टन्सचे कॉन्ज्युगेटिव्ह प्लास्मिड अनेकदा शंभर किलोबेसच्या (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) पुढचे असतात. चार, आणि हे सर्वात साधं, तुमच्या सातपैकी काही सिस्टीम या प्लास्मिडनेच आणलेल्या आहेत, त्या त्याला कशाला अडवतील.

तुमच्या डेटाबद्दल काही गोष्टी, कारण इथे लोक घाई करतात. सगळ्यात आधी असेम्ब्ली (सिक्वेन्सचे तुकडे जोडून बनवलेला जीनोम) बघा. फक्त शॉर्ट रीड (छोट्या तुकड्यांत वाचलेला डीएनए) असतील तर इन्सर्शन सिक्वेन्सपाशी कॉन्टिग (जोडून झालेले सलग पट्टे) तुटतात आणि नेमका डिफेन्स कशावर बसलाय तेच हरवतं, लाँग रीड नसतील तर ‘प्लास्मिडवर आहे’ हे वाक्य लिहूच नका. मग प्रत्येक सिस्टीमच्या दोन्ही बाजूंना वीस-तीस किलोबेस हाताने बघा: इंटिग्रेज आहे का, शेजारी टीआरएनए जीन आहे का, टोकांना सारखे रिपीट आहेत का, डीएनएतलं जी आणि सी अक्षरांचं प्रमाण बदलतंय का. जवळच्या नातेवाईक स्ट्रेनमध्ये तीच जागा रिकामी असेल तर एलिमेंटच्या सीमा तिथेच मिळतात, यासारखा दुसरा पुरावा नाही. एकाच टूलवर थांबू नका, पॅडलॉक हे दुसरं टूलही चालवा, आणि टूलने नाव दिलं म्हणजे सिस्टीम चालू आहे असं धरू नका, मध्येच स्टॉप कोडॉन असलेले किंवा अर्धेच उरलेले लोकस भरपूर असतात.

प्रोफेजवरच्यांसाठी मायटोमायसिन-सी (प्रोफेजला जागं करणारं रसायन) देऊन प्रोफेज खरंच बाहेर येतो का ते बघा. मग सिस्टीम डिलीट करून दहा-पंधरा वेगवेगळ्या फेजवर एफिशियन्सी ऑफ प्लेटिंग (सिस्टीम असताना आणि नसताना येणाऱ्या प्लाकचं गुणोत्तर) काढा, एकाच फेजवर ‘काम करत नाही’ असा निष्कर्ष काढलेले पेपर मी बरेच पाहिलेत आणि ते मला पटत नाहीत, कारण बहुतेक सिस्टीम ठरावीक फेजवरच चालतात. जीन मल्टिकॉपी प्लास्मिडवर घालून तपासत असाल तर पेशी नुसत्याच आजारी पडून फेज वाढत नाहीये ना ते ग्रोथ कर्व्हवरून आधी तपासा, त्यातून खोटे पॉझिटिव्ह खूप येतात. आत्मघाती प्रकार ओळखायला दोन एमओआय (एका पेशीमागे किती फेज) ठेवा, कमी फेज टाकले की कल्चर टिकतं आणि पेशींपेक्षा जास्त टाकले की कोसळतं असं दिसलं तर बहुधा पेशी स्वतःला संपवून शेजाऱ्यांना वाचवतेय. असं दिसलं आणि सिस्टीम प्रोफेजवर असेल तर शेजारच्या किती पेशींमध्ये तोच प्रोफेज आहे तेही मोजा.

प्लास्मिडवरच्या दोन-तीन सिस्टीमसाठी मात्र मी फेजपासून सुरुवातच करणार नाही. तो प्लास्मिड स्वच्छ रिसिपियंटमध्ये कॉन्ज्युगेट करा, मग त्याच पेशीत दुसरा, वेगळ्या इनकम्पॅटिबिलिटी गटातला (म्हणजे पहिल्याबरोबर एकत्र राहू शकणारा) प्लास्मिड पाठवून किती जातो ते सिस्टीमसह आणि सिस्टीमशिवाय मोजा, आणि अँटिबायोटिक काढून घेऊन पहिला प्लास्मिड किती पिढ्या टिकतो तेही दोन्हीत बघा. फेजवर काहीच परिणाम न दिसलेल्या सिस्टीमचं काम अनेकदा या दोनपैकी एका प्रयोगात सापडतं.